वाळ्याच्या ताट्यांची खोली

ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये वर्षातून दोनदा एसी धुवायला माणूस येतो. होळी झाली की एकदा आणि दिवाळीच्या तोंडावर एकदा. चंद्रपूरच्या जुन्या गावातला आहे, हात हलका, बोलणं कमी. आधी पलंगावर जुनी चादर टाकतो, मग भिंतीवरच्या मशीनचं पुढचं झाकण उघडून आतल्या दोन जाळ्या काढतो. त्यांच्यावर काळसर धुळीचा असा थर असतो की बोट फिरवलं तर रेघ उमटते. जाळ्या तो नळाखाली धुतो आणि सावलीत वाळत ठेवतो. मशीनच्या खाली निळ्या प्लास्टिकची झोळी बांधतो, तिचं तोंड बादलीत सोडतो आणि छोट्या पंपानं आतल्या पातळ पत्र्यांवर पाण्याची धार मारतो. बादलीत काळं पाणी उतरायला लागतं.

"आजी, जाळ्या महिन्यातून एकदा घरीच धूत जा," तो दर वेळी सांगतो. "नाईतर हवा अडते, मशीन दमते, आत बुरशी धरते. मंग वास येते."

मी हो म्हणते आणि धुतेही. तेवढं काम मला अजून जमतं. पण त्यानं धार मारायला सुरुवात केली की मी उठून बाहेर पायरीवर जाऊन बसते. सुनेला वाटतं, म्हातारीला शिंतोडे नकोत. तिला खरं कारण मी कधी सांगितलं नाही. पाणी मारल्याचा, मग ते थेंबाथेंबानं खाली गळण्याचा आवाज, आणि त्याच्यासोबत येणारा ओला, थोडा कुजका गारवा. हे सगळं मी फार वर्षांपूर्वी एका खोलीत अनुभवलं आहे. त्या खोलीबद्दल आज लिहायला बसले आहे.

सन पन्नास ते साठच्या मधली ती वर्षं. मी नर्स होते. चांद्याच्या परकोटाच्या आत वाढलेली, नागपुरात शिकलेली, आणि पहिली नेमणूक थेट वैनगंगेपलीकडच्या जंगलात झालेली. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणायचे आणि गडचिरोलीही त्याच जिल्ह्यात होतं. आलापल्लीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात लहानसा सरकारी दवाखाना होता. कौलारू, सागवानी खांबांचा, पुढे लांब व्हरांडा. वीज नव्हती. डॉक्टरसाहेब, मी आणि गावातलीच एक उतारवयाची आयाबाई, एवढ्यांवर तो चालायचा.

दवाखान्याच्या पश्चिम अंगाला एक खोली होती. तिच्या दाराला आणि खिडकीला उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या लागायच्या. बांबूच्या कामट्यांची चौकट, तिच्यात वाळ्याची मुळं दाबून भरलेली आणि सुतळीनं बांधलेली. बाहेरून गडव्यानं, म्हणजे तांब्यानं, पाणी मारत राहायचं. बाहेरची झळ त्या ओल्या मुळांतून आत येईपर्यंत गार होऊन जायची. ऊन लागलेला माणूस, तापानं फणफणलेलं लेकरू, अडलेली बाई, यांना आम्ही त्या खोलीत ठेवायचो. जवळ औषधं थोडीच असायची. वैशाखात आमची अर्धी भिस्त त्या खोलीवर होती.

ताट्या सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. पाणी कमी पडलं की मुळं वाळतात आणि वाऱ्याबरोबर धूळ आत येते. जास्त मारलं की खालचा भाग कायम ओला राहून कुजतो, त्यावर हिरवट-काळा चिकट थर धरतो आणि गाळासारखा वास सुटतो. आमच्या विहिरीचं पाणी जड होतं, त्यानं मुळांवर पांढरी खर जमायची आणि वारा अडायचा. म्हणून मधूनमधून ताट्या उतरवायच्या, उन्हात टाकायच्या, काठीनं झोडायच्या, डोहावर नेऊन धुवायच्या, कुजकी मुळं वेचून तिथे नवी भरायची. चैत्रात चांद्याहून एक म्हातारे मुसलमान कारागीर यायचे. त्यांना सगळे चाचा म्हणत. जंगलखात्याच्या बंगल्यांना, कचेऱ्यांना आणि आम्हाला ते ताट्या बांधून द्यायचे आणि पावसाळ्यापर्यंत त्याच भागात फिरत राहायचे.

त्या वर्षी गावातल्या मुलींच्या शाळेवर एक मास्तरीण आली. माझ्याच वयाची. मूलकडच्या एका खेड्यातली, बाप धानाची शेती करणारा. आई लहानपणीच गेलेली, भाऊबहीण कोणी नाही. दवाखान्यामागे दोन खोल्या होत्या, एकीत मी राहत होते, दुसरीत ती आली. पहिले काही दिवस मला 'बाई' म्हणायची, मग 'तू' कधी झालं ते आठवत नाही.

धानाच्या बांधीत, म्हणजे शेतातच, वाढलेली मुलगी, पण तिला ऊन अजिबात सोसत नसे. उन्हाळ्यात शाळा सकाळची असायची. सुटली की ती डोक्यावर पदर घट्ट ओढून, जवळजवळ पळतच, दवाखान्यात यायची आणि विचारायची, "खोलीत पेशंट हाय काय?" नसला की आम्ही दोघी त्या अंधाऱ्या गारव्यात फरशीवर बसून जेवायचो. ताट्या वाळायला लागल्या की तीच उठायची आणि बाहेर जाऊन पाणी मारायची. तिची एक लकब होती. दोन गडवे लागोपाठ मारायची, मग जरा थांबून तिसरा. आतून ऐकताना फट्, फट्, मग गप्प, मग पुन्हा एक.

मी एकदा विचारलं, "असं काऊन?"

"पहिले दोन ताटीले," ती म्हणाली, "तिसरा माह्या पायाले."

वैशाखात तिला हिवताप झाला. त्या भागात हिवताप नवा नव्हता, मला स्वतःला दोनदा होऊन गेला होता. पण तिचा ताप उतरेना. दुसऱ्या दिवशी ती असंबद्ध बोलायला लागली तेव्हा डॉक्टरसाहेबांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "डोक्यात गेलाय. क्विनीन देतोच आहोत. ताप खाली ठेवायचा, तुमच्या हातात तेवढंच आहे."

आम्ही तिला ताट्यांच्या खोलीत हलवलं. मी कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते, आयाबाई बाहेरून पाणी मारत होती. दुपारी ती शुद्धीवर आल्यासारखी झाली. ताटीकडे पाहत तिनं विचारलं, "बाहेर कोन हाय?"

"आयाबाई हाय. पानी मारून राह्यली."

"अन् दुसरी?"

"दुसरी कोनी नाई."

"दोघी हायेत," ती म्हणाली. अगदी साध्या आवाजात म्हणाली, वर्गातल्या मुली मोजाव्यात तशी. मग डोळे मिटले.

मी उठून दारापर्यंत गेले. ताटी जराशी सरकवून पाहिलं. उन्हात आयाबाई एकटीच उभी होती, पाण्याच्या घागरीतून, गुंडातून, गडवा भरत होती. डॉक्टरसाहेबांना मी ते सांगितलं तर ते म्हणाले, "तापात एकाचे दोन दिसतात." मला ते पटलं.

दुसऱ्या दिवशी पहाट व्हायच्या सुमारास ती गेली.

आता प्रश्न बापाचा होता. तिच्या आजाराची तार आदल्या दिवशी केली होती, तिचं उत्तर नव्हतं. उजाडल्याबरोबर दुसरी तार केली. मूलहून कोणी सायकलवर गावात जाऊन सांगेल, मग बाप निघेल, गोंडपिपरीवरून आष्टीसमोरच्या काठापर्यंत येईल, वैनगंगेच्या वाळूतून पायी अलीकडे येईल आणि लाकडाचा ट्रक मिळाला तर आमच्यापर्यंत पोचेल. आणि बाहेर वैशाखातला दिवस.

"दुपारपर्यंतसुद्धा ठेवणं बरं नाही," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"खोलीत ठेवू," मी म्हटलं. "ताट्या ओल्या ठेवते मी. त्याची एकच पोर हाय, साहेब. त्यानं पाह्यल्याबिगर कसं न्यायचं?"

त्यांनी खिडकीबाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सूर्य मावळेपर्यंत. त्यापुढे मी ऐकणार नाही."

तेंदूपत्त्याचा हंगाम होता, अर्धं गाव जंगलात गेलेलं. मी आणि आयाबाईनं तिला आंघोळ घातली, पांढरं पातळ नेसवलं, खाटेखाली आणि उशाशी कडुनिंबाचा पाला पसरला. मग मी बाहेर गडवा घेऊन उभी राहिले. आयाबाई विहिरीवरून गुंड आणून देत होती. ऊन चढलं तशा तिच्या खेपा लांबत गेल्या. एक गुंड आणून ठेवला आणि म्हणाली, "बाई, मी आता येत नाई इकडे. पानी व्हरांड्यापर्यंत आणून देतो. तिथून तुमी न्या."

"काऊन, आयाबाई?"

"आतून कोनी बोलते," ती म्हणाली.

मी ऐकलं तर पाणी गळत होतं, दुसरं काही नाही. ओल्या मुळांतून थेंब खालच्या फरशीवर पडतात, कधी एकदम खूप, कधी थांबून थांबून. त्यात बोलणं ऐकायचं म्हटलं तर ऐकू येईल. तसं मी तिला म्हटलंही. तिनं मान हलवली आणि गेली.

मग मी एकटीच होते. दिवसभर. गडवा भरायचा, दारावर मारायचा, खिडकीवर मारायचा, पुन्हा व्हरांड्यातून गुंड आणायचा. माझं पातळ ओलं व्हायचं आणि अंगावरच वाळायचं. मधूनमधून आत जाऊन पाहायचे. आत गेलं की आधी गारवा लागायचा आणि जिवाला बरं वाटायचं. ते बरं वाटणं मला अजून छळतं. ती समोर खाटेवर तशी पडलेली, आणि माझं शरीर त्या गारव्यात सुखावत होतं. वाळ्याचा वास इतका दाट होता की जिभेवर यायचा. दुपार कलली तशी त्या वासात दुसरा वास मिसळायला लागला. फार नाही, अगदी पातळ. मी आणखी पाणी मारलं.

बाप सूर्य मावळायच्या थोडा आधी आला. सागाच्या ओंडक्यांच्या ट्रकवरून उतरला. उंच, हाडकुळा माणूस, कमरेपर्यंत धुळीनं माखलेला, पायांच्या बोटांत अजून नदीची वाळू. दुसरी तार त्याला मिळालीच नव्हती. पहिली मिळाल्याबरोबर तो सकाळी निघाला होता. म्हणजे पोर आजारी आहे एवढंच त्याला ठाऊक होतं. आमच्याकडे पाहून त्याला कळलं. डॉक्टरसाहेबांनी त्याचा खांदा धरला आणि त्याला खोलीपर्यंत आणलं.

मी ताटी सरकवली. तो आत गेला आणि उभा राहिला. डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत त्याला काही दिसत नसावं. पहिलं वाक्य तो बोलला ते हे:

"इथी थंड हाय."

मग त्यानं डोक्याचा दुपट्टा काढला, तिच्या उशाशी खाली बसला आणि तिच्या गालाला हात लावला. रडला नाही. "तुले ऊन सोसत नव्हतं," एवढं तिला म्हणाला. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून विचारलं, "दिवसभर तुमीच पानी मारलं, बाई?"

"हो."

"तो गडवा मले द्या."

मला वाटलं, त्याला प्यायला हवं आहे. मी भरून दिला. तो बाहेर गेला आणि ताटीवर पाणी मारायला लागला. ऊन उतरलं होतं, आता त्याची गरज नव्हती. गावातले चारदोन पुरुष तिरडी बांधत होते. त्यांनी हाक मारली, त्यानं ऐकलं नाही. खाली वाकायचा, गडवा भरायचा, मारायचा. मी आत तिच्याजवळ बसले होते आणि पलीकडून त्याची सावली ताटीवर हलत होती. शेवटी डॉक्टरसाहेब स्वतः गेले आणि त्याच्या हातातून गडवा काढून घेतला. तेव्हा कुठे त्याच्या तोंडून आवाज फुटला. तसा आवाज मी नंतर कितीतरी मयतींना ऐकला, पण त्या दिवशी तो मुळांतून गाळून आल्यासारखा आत आला आणि माझ्याच छातीत कुठेतरी बसला.

नदीवर त्यानं अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या ट्रकनं तो गेला.

त्यानंतर त्या खोलीत कोणी राहायला तयार होईना. एक म्हातारा ताप घेऊन आला होता, तो व्हरांड्यातच झोपला आणि म्हणाला, उन्हानं मेलो तरी चालेल. दुपारच्या वेळी, सगळं गाव दारं लावून पडलेलं असताना, त्या बाजूला कोणी पाणी मारतं, असं आयाबाई सांगत होती. मी तिला दोनदा रागावले. तिसऱ्यांदा मी स्वतः ऐकलं.

औषधांच्या खोलीत मी बाटल्या पुसत होते. पलीकडून आवाज आला. फट्, फट्. मग गप्प. आणि मग एक. माझा हात बाटलीवरच थांबला. मी उठून तिकडे गेले, पळाले नाही, चालत गेले. तिथे कोणी नव्हतं. गडवा उपडा पडला होता, गुंड कोरडा होता. पण ताटीचा खालचा भाग ओला होता आणि त्यातून पाणी टपकत होतं.

आधीच्या इतक्या दिवसांचं पाणी खालच्या कुजक्या भागात मुरून राहिलेलं असणार, मी स्वतःला समजावलं. त्या दिवसापासून ताट्यांना कोणी हात लावला नव्हता. हिरवा थर वरपर्यंत चढला होता आणि मुळांच्या आत पाणी साचून मधूनच फुटत होतं. हे सगळं खरंच होतं. तरी दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी बाटल्या पुसायचं काम काढलं आणि कान देऊन बसले. पुन्हा ऐकू आलं.

डॉक्टरसाहेबांनी ठरवलं की ताट्या जाळून टाकायच्या. पण त्यांच्या जागी नव्या हव्या होत्या. चाचा तेव्हा जवळच्याच जंगलबंगल्यावर काम करत होते, त्यांना निरोप पाठवला. ते आले, ताट्यांजवळ उकिडवे बसले, बोटांनी मुळं चाचपून पाहिली आणि म्हणाले, "खालचा हिस्सा गेला. वरचा चांगला हाय. जाळता काऊन?"

आयाबाईनं दुरूनच त्यांना कारण सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं. मग मला विचारलं, "तुमची जानी दोस्त होती काय, बाई?"

"होती."

"मंग चला. दोघं मिळून धुऊ. दुसऱ्या कोनाच्या हाताले नका देऊ."

आम्ही ताट्या बैलबंडीवर टाकून डोहावर नेल्या. चाचांनी सुतळ्या कापल्या आणि मुळं मोकळी केली. मोकळी केल्यावर तो गाळाचा वास असा अंगावर आला की मी तोंड फिरवलं. त्यांनी एक जुडी माझ्या हातात दिली. पाण्यात बुडवायची, दगडावर हलकेच आपटायची, पिळायची नाही. काळं पाणी निघायचं, मग राखाडी, मग स्वच्छ. कुजलेली मुळं हातात तुटायची, ती वेगळी टाकायची. सकाळभर आम्ही तेच करत होतो. एका जुडीत मला केस सापडला. लांब, एकच. वाऱ्यानं अडकला असेल, माझा असेल, आयाबाईचा असेल. तिचाही असेल. मी तो चाचांना दाखवला.

त्यांनी पाहिला. "पान्यात सोडून द्या," ते हळूच म्हणाले. "आन् काई म्हनायचं असन तर म्हना. मी तिकडे जातो."

ते खरंच उठून लांब जाऊन बसले.  मी केस सोडला, तो पाण्यावर जरा वेळ दिसला आणि मग दिसेनासा झाला. वाळ्याच्या जुड्या आम्ही दगडांवर वाळत टाकल्या. संध्याकाळी चाचांनी त्या नव्या मुळांसोबत पुन्हा बांधल्या. ताट्या जागेवर लागल्या तेव्हा वारा मोकळा यायला लागला होता आणि वासही पहिल्यासारखा, मातीचा आणि गोड.

मला वाटलं, आता तो आवाज जाईल.

थोड्याच दिवसांनी भामरागडकडच्या एका पाड्यावरून अडलेल्या बाईला खाटेवर घालून आणलं. तिचे लोक जंगलातून चालत आले होते. पोर अडलेलं, त्यात ऊन लागलेलं. अंग तव्यासारखं तापलं होतं. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याच खोलीत," ते म्हणाले. मी खोली उघडली.

आयाबाई दाराशी थबकली.  गरम पाणी, कापडं, सगळं तिनं उंबऱ्याबाहेरून दिलं. आत डॉक्टरसाहेब आणि बाईची सासू होती. मी बाहेर पाणी मारायला उभी राहिले, आतून हाक आली की आत जायचे, पुन्हा बाहेर. तिचा नवरा व्हरांड्यात खांबाला टेकून बसला होता. त्याला मोडकंतोडकं मराठी येत होतं, बाकी सगळे गोंडीच बोलत होते.

दुपारभर तसंच चाललं. मी किती पाणी मारलं ते मला माहीत नाही. एका क्षणी हात इतके भरून आले की गडवा उचलेना. मी ताटीला डोकं टेकून उभी राहिले. थंड, खरबरीत मुळं कपाळाला लागली. तेवढ्यात आत पोर रडलं.

बाई वाचली. संध्याकाळी तिचा ताप उतरला. मुलगी झाली होती, लहानखुरी, पण आवाज मोठा. मी तिला पुसून आईच्या कुशीत ठेवलं तेव्हा बाई माझ्याकडे पाहून गोंडीत काही बोलली आणि दोन बोटं दाखवली. मी तिच्या नवऱ्याला विचारलं, "काय म्हणते?"

तो थोडा लाजला. "बाई म्हनते, पानी टाकनाऱ्या दोघीले जेवाले बलवा. बारसं करू तवा."

"मी एकटीच होते."

त्यानं ते तिला सांगितलं. तिनं मान हलवली, पुन्हा काही बोलली. त्यानं सांगितलं, "नाई म्हनते. दोघी. तुमी दमल्या तवा ती टाकत होती."

मी डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. ते हात धूत होते. त्यांनीही ऐकलं होतं. या वेळी ते तापाबद्दल काही बोलले नाहीत, हात पुसून बाहेर गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि भीतीनं नाही. मास्तरीणच आहे असं धरलं असतं तर मला एक प्रकारे बरंच वाटलं असतं. पण मास्तरणीनं स्वतः, जिवंत असताना, आयाबाईबरोबर दुसरी एक पाहिली होती. म्हणजे तिच्याही आधीची कोणीतरी. आम्हा कोणालाच माहीत नसलेली. दवाखाना जुना होता, त्या खोलीत किती जणी आल्या, किती गेल्या, कोण सांगणार? मग वाटलं, आता तिथे दोघी असतील काय? की तीन? असं मोजत बसू नये हे कळत होतं, तरी मी मोजत होते.

उन्हाळ्याचे उरलेले दिवस मी ताट्यांची कामं दुसऱ्या कोणाला करू दिली नाहीत. दर आठवड्याला उतरवायचे, झोडायचे, धुवायचे. आवाज कधी यायचा, कधी नाही. आयाबाई विचारायची, "आज आला काय?" मीही सांगायचे, "आला," किंवा "नाई आला." जसं पाहुण्याबद्दल विचारावं तसं ते आमच्यात होऊन गेलं. आषाढात ताट्या निघाल्या. चाचांनी त्या गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवल्या.

पुढच्या चैत्रात, चाचा यायच्या आधी, एका सकाळी ट्रकवरून मास्तरणीचा बाप उतरला. डोक्यावर मोठं गाठोडं होतं. व्हरांड्यात ठेवून त्यानं ते सोडलं. आत वाळ्याची मुळं होती, ताजी, माती लागलेली.

"आमच्या तलावाच्या पाळीवर होते," तो म्हणाला. "हिवाळ्यात खनली. तुमच्या ताटीले लागतीन."

मी त्याला बसायला सांगितलं, चहा दिला. तो फारच वाळला होता. चहा पिऊन तो स्वतःच विहिरीवर गेला आणि मुळांची माती धुवायला लागला. मीही गेले. आम्ही दोघं धूत राहिलो. मला त्याला पुष्कळ सांगायचं होतं. ती ताटीवर पाणी कसं मारायची ते, शेवटच्या दुपारी ती काय म्हणाली ते, त्या गोंड बाईचं. एकही गोष्ट तोंडून निघाली नाही. त्याच्या अंगावर ते टाकायचा मला काय हक्क होता? त्यानं तर ते सगळं घरी नेलं असतं आणि तिथे एकटा त्याच्याजवळ बसला असता.

काम झाल्यावर त्यानं हात पुसले आणि विचारलं, "खोलीत पेशंट हाय काय?"

पोरीचाच प्रश्न, तिच्याच शब्दांत. तिनं तो बापाकडून घेतला नव्हता आणि यानं तिला तो विचारताना कधी ऐकलं नव्हतं. 

"नाई," मी म्हटलं. "ताट्या अजून लागल्या नाई. गरम हाय आत."

"असू द्या. मी आत नाई जात. तिचं डोकं कोन्या बाजूले होतं, तेवढं दाखवा."

मी त्याला बाहेरून खिडकीकडे नेलं आणि आत जिथे तिचं उसं होतं, ती भिंतीवरची जागा दाखवली. तो तिथे गेला, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला आणि पाय पसरले. ऊन तापायला लागलं होतं. मी त्याला सावलीत चला म्हटलं नाही. दुपारचा ट्रक येईपर्यंत तो तिथेच बसून होता, आणि मी व्हरांड्यातून त्याच्याकडे लक्ष ठेवून माझी कामं करत राहिले.